बोलण्याचे बटण दाबताच विझणारा होडीवरचा व्हीएचएफ वायरलेस सेट: दोष नेमका कुठे शोधावा

नागपुरात समुद्री वायरलेस सेट दुरुस्तीला येतो असे सांगितले, की ऐकणारा आधी हसतो. आमच्या सीताबर्डीवरच्या वर्कशॉपमध्ये एरवी येतात ते इन्व्हर्टर, मंगल कार्यालयांचे ॲम्प्लिफायर आणि खाणींवरच्या पहारेकऱ्यांचे वॉकीटॉकी. तरीही एकच समुद्री सेट, एकाच तक्रारीसह, दीड वर्षात तीन वेळा माझ्या टेबलावर आला आणि तिन्ही वेळा टेबलावर तो निर्दोष चालला. सेट माझ्या साडूंचा आहे. ते देवगडच्या बाजूला अठ्ठावीस फुटी फायबरची होडी बाळगून आहेत. त्यांची तक्रार तिन्ही वेळा एका वाक्याची होती: “ऐकू सगळे येते, दादा, पण बोलायचे बटण दाबले की सेट विझतो आणि बटण सोडले की पुन्हा उजळतो.”

ही तक्रार लहान होड्यांवर इतकी नेहमीची आहे, की तिचा छडा कसा लागला आणि मी दोनदा कसा चुकलो, हे दोन्ही लिहून ठेवणे उपयोगाचे ठरेल असे वाटले. चुकांचा भाग मुद्दाम गाळलेला नाही, कारण समुद्रापासून दूर असलेला प्रत्येक दुरुस्तीवाला बहुधा याच चुका करणार आहे.

पहिल्यांदा सेट आला तो जूनमध्ये, मासेमारीबंदीत होड्या वाळूवर ओढल्यानंतर. मी तो १३.८ व्होल्टच्या टेबलावरच्या पॉवर सप्लायला जोडला, ॲन्टेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (ताकद हवेत न सोडता स्वतःत जिरवणारा रोध) लावला, मध्ये वॉटमीटर ठेवला आणि बटण दाबले. काटा २५ वॅटच्या जवळ जाऊन स्थिर राहिला. (डमी लोड का, तर नागपुरातून समुद्री चॅनेलवर हवेत बोलण्याचा परवाना माझ्याकडे नाही आणि तो असण्याचे कारणही नाही, १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे हाक मारण्याच्या आणि संकटाच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर, आमच्याकडे सळसळीखेरीज काही ऐकू येत नाही.) सेट उघडला तेव्हा पॉवरच्या टोकाशी एक डाग थोडा निस्तेज दिसला. तोच दोष असावा असे मानून मी तो पुन्हा डाखला आणि सेट परत पाठवला. नारळी पौर्णिमेनंतर आठवडाभरात फोन आला, की तक्रार जशीच्या तशी आहे. दुसऱ्या वेळी मी माईकचे बटण आणि त्याची गुंडाळी वायर बदलली. तिसरे पार्सल आले ते मार्चमध्ये, आणि तेव्हा मात्र सेट न उघडता मी आधी फोन उचलला.

रुग्ण दवाखान्याची पायरी चढला की त्याचा ताप उतरतो, तसा हा प्रकार होता. मग ताप घरातच तपासायला हवा, हे कळायला मला तीन पार्सले लागली.

सेट खोलण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न असा, की ताकद १ वॅटवर ठेवून बटण दाबले तर काय होते. बहुतेक सर्व पक्क्या बसवलेल्या व्हीएचएफ सेटना २५ वॅट आणि १ वॅट अशा दोन पायऱ्या असतात आणि त्यांच्यात बदल करणारे एक बटण असते. साडूंनी ते बटण आजवर वापरलेच नव्हते. दाबून पाहिले, तर १ वॅटवर सेट न विझता बोलू लागला. इथेच अर्धे निदान झाले. माईकचे बटण, त्याची वायर, सेटमधला ध्वनीचा भाग आणि नियंत्रणाचा भाग ठीक असल्याशिवाय हे शक्य नव्हते.

दुसरा प्रश्न असा, की इंजिन चालू असताना आणि बंद असताना फरक पडतो का. यावर तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, जे सांगितले ते कोणीही आधी बोलले नव्हते, कारण कोणाला ते महत्त्वाचे वाटले नव्हते: इंजिन जोरात चालू असले की सेट बऱ्याचदा २५ वॅटवरही बोलतो, जाळे टाकून इंजिन बंद केले की विझतो.

तिसरा प्रश्न असा, की विझतो म्हणजे नेमके काय होते. पडदा पूर्ण काळा होऊन सेट पुन्हा सुरुवातीच्या चित्रापासून चालू होत असेल, तर त्याला वीज अपुरी पडते आहे. पडदा उजळलेलाच राहून फक्त प्रक्षेपणाची खूण नाहीशी होत असेल, तर ॲन्टेनाकडे पाहावे. चांगले अर्धे मिनिट बोलल्यानंतर विझत असेल, तर बॅटरी दमलेली आहे किंवा एखादा जोड तापतो आहे. सलग पाच मिनिटे बटण दाबून ठेवल्यावर प्रक्षेपण थांबत असेल, तर तो दोष मुळीच नाही. बटण अडकून चॅनेल कायमचे अडू नये म्हणून सेटमध्ये घातलेली ती सोय आहे. साडूंचा सेट क्षणात काळा पडत होता.

या तीन उत्तरांवरून संशय सेटवरून उठून बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वायरवर गेला, आणि त्यामागचे गणित अगदी शाळेतले आहे.

ऐकताना असा सेट एका ॲम्पियरपेक्षाही कमी प्रवाह घेतो. २५ वॅटवर बोलताना तोच सेट साधारण ५ ते ६ ॲम्पियर ओढतो. वायर, फ्यूज आणि जोड यांचा मिळून अर्धा ओहम रोध असला, तर ऐकताना त्यात अर्धा व्होल्टही जात नाही आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. बटण दाबताच मात्र त्याच अर्ध्या ओहममध्ये जवळजवळ ३ व्होल्ट अडकतात. बॅटरी १२.३ व्होल्टची असली, तरी सेटच्या हाती साडेनऊच व्होल्ट पडतात. बऱ्याच सेटच्या पुस्तिकेत १३.८ व्होल्ट, कमी-अधिक १५ टक्के, अशी मर्यादा दिलेली असते, म्हणजे ११.७ व्होल्टच्या खाली सेटने नीट चालावे अशी अपेक्षाच नसते. व्होल्ट कोसळले की सेटमधला प्रोसेसर थांबतो, प्रक्षेपण सुटते, प्रवाह कमी होतो, व्होल्ट पुन्हा वर येतात आणि सेट उजळतो. बटण दाबलेलेच असेल, तर हे चक्र पुन्हा सुरू होते. १ वॅटवर प्रवाह दीड ॲम्पियरच्या आसपासच राहतो, त्यामुळे तीच खराब वायर तेवढे ओझे कसेबसे पेलते. इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्ट असतात, त्यामुळे ३ व्होल्ट गळाले तरी ११ उरतात आणि सेट रडतखडत बोलतो.

या दोषाचा खरा धोका इथेच आहे. बंदरातून निघताना तांडेल इंजिन सुरू करतो, सेट लावतो, शेजारच्या होडीशी दोन शब्द बोलतो आणि सेट ठीक असल्याची खात्री करून घेतो. मदत मागण्याची वेळ मात्र बहुधा इंजिन बंद पडल्यावर येते. त्या वेळी होडी वाहत असते, पंप चालू असतो, दिवे चालू असतात आणि बॅटरी दर मिनिटाला खाली जात असते. संकटाचे लाल बटण दाबल्यावर जाणारा डिजिटल संदेश ७० क्रमांकाच्या चॅनेलवरून पूर्ण ताकदीने पाठवण्याचीच योजना असते. नेमका तोच संदेश हा सेट पाठवू शकला नसता. म्हणून सेटची तपासणी इंजिन बंद करून, दिवे आणि पंप चालू ठेवून करावी, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

मल्टिमीटर खोटे बोलत नाही, पण विचारलेल्याचेच उत्तर देतो

फोनवरून मी साडूंच्या मुलाला मल्टिमीटर घेऊन होडीत बसवले. त्याने बॅटरीवर १२.६ व्होल्ट मोजले आणि सेटच्या प्लगवर १२.५. “काका, वायर एकदम मस्त आहे,” असे त्याने सांगितले. त्याआधी बंदरावरच्या इलेक्ट्रिशियननेही हेच मोजून हेच सांगितले होते. दोघांचे आकडे खरे होते, फक्त मोजण्याची वेळ चुकली होती. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. प्रवाह नसेल तर कितीही कुजलेल्या वायरमध्ये व्होल्ट गळत नाहीत. नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो, तसेच हे आहे. ओहमवर लावून वायर मोजणेही निरुपयोगी ठरते, कारण आपण शोधतो तो रोध ०.१ ते ०.५ ओहमचा असतो आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरांचाच रोध तेवढा असतो.

वायरवर खऱ्या प्रवाहाचा ताण देऊन मोजायला हवे. बटण दाबून मोजावे, तर सेट क्षणात विझतो आणि आकडा वाचायला वेळ मिळत नाही. शिवाय विनाकारण हवेत प्रक्षेपण होते. याचे उत्तर मला नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मिळाले. ट्रकचा सेल्फ उचलत नसला, की तो बॅटरीचे व्होल्ट पाहत बसत नाही. हेडलाइटचा बल्ब दोन वायरांना लावून फिरतो. १२ व्होल्टच्या साध्या हॅलोजन हेडलाइटचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्यातली ६० वॅटची तार १२ व्होल्टला ५ ॲम्पियर ओढते, म्हणजे २५ वॅटवर बोलणाऱ्या सेटइतकाच जवळपास प्रवाह. सेटच्या जागी हा बल्ब लावला, की सेट नसतानाही वायरची खरी परीक्षा होते आणि मीटर वाचायला हवा तेवढा वेळ मिळतो. फक्त ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब घेऊ नये, कारचा किंवा जीपचा घ्यावा.

मी आधी हे टेबलावर करून पाहिले. इन्व्हर्टरची एक जुनी बॅटरी, सात मीटर लांबीची १ चौरस मिलिमीटरची जोडवायर आणि भंगारातला एक काळवंडलेला फ्यूज होल्डर असा सगळा सरंजाम मांडला आणि शेवटी साडूंचा सेट लावला. बटण दाबताच तो विझला. दीड वर्षात पहिल्यांदा नागपुरात दोष दिसला, आणि त्याचा मला झालेला आनंद वर्कशॉपमधल्या पोरांना काही केल्या कळेना.

नंतर होडीवर हेच करायला सांगितले. सेटचा प्लग काढून त्या टोकाला बल्ब लावला. इथे एक खबरदारी सांगितलीच पाहिजे: हॅलोजन बल्ब काही सेकंदांत हात भाजण्याइतका तापतो, म्हणून तो पेट्रोलच्या टाकीजवळ, कॅनजवळ किंवा बंद केबिनमध्ये लावू नये, आधी सगळी दारे उघडून वाफ जाऊ द्यावी, बल्बची जोडणी झाल्यावरच मुख्य स्विच चालू करावा आणि काढतानाही आधी स्विच बंद करावा, म्हणजे ठिणगी हातात पडत नाही.

बल्ब पेटलेला असताना बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट होते आणि बल्बच्या टोकांवर ९.९. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेत हरवत होते. आता ते कुठे हरवतात हे शोधायचे. त्यासाठी मीटरची एक सळी बॅटरीच्या धन टोकावर ठेवायची आणि दुसरी सळी धन वायरवर एकेक जोड पुढे सरकवत न्यायची; मीटर प्रत्येक ठिकाणी तोवर गळालेले व्होल्ट थेट दाखवतो. ऋण बाजूलाही तसेच करायचे. लोक धन बाजू तपासतात आणि ऋण बाजू विसरतात, जणू प्रवाह तिथून परत जातच नाही. आमच्या होडीत हिशेब असा निघाला: फ्यूज होल्डरमध्ये ०.८ व्होल्ट, जाणाऱ्या वायरमध्ये ०.६, येणाऱ्या वायरमध्ये ०.६ आणि ऋण पट्टीवरच्या एका लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीत) ०.४. बेरीज २.४, एक दशांशही इकडेतिकडे नाही. बल्बला व्होल्ट कमी मिळाले की तो प्रवाहही थोडा कमी ओढतो, म्हणून सेटच्या वेळी गळती याहून जास्तच होत असणार, हे ध्यानात घ्यावे.

एकच एक दोष सापडला नाही, हे मला विशेष बोलके वाटले. फ्यूज होल्डर एकटा बदलला असता तर सेट कदाचित चालू झाला असता आणि पुढच्या हंगामात लग आणखी कुजल्यावर पुन्हा विझला असता. समस्या वारंवार येते तिचे कारण बऱ्याचदा हेच असते, की प्रत्येक वेळी तिचा एकतृतीयांश भागच दुरुस्त झालेला असतो.

वायर का कुजते

नागपूरकरांनी कूलरच्या टाकीतल्या पंपाची वायर आठवावी. मेमध्ये नवी लावलेली वायर पुढच्या मेमध्ये सोलली, की आतले तांबे काळे निघते आणि टोकाशी हिरवट पूड असते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते तेव्हा चढणारा हिरवा थर आणि ही पूड एकाच जातीची. कूलरला हे वर्षभर लागते, कारण आपले पाणी जड असले तरी गोडे आहे. होडीवर खाऱ्या वाऱ्यातले मीठ जोडावर बसते, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि तो ओलावा केशाकर्षणाने बारीक तारांच्या मधून वायरच्या आत वीतभर शिरतो. बाहेरून वायर लाल, लवचीक, नवीकोरी दिसते. सोलल्यावर आत काळी दोरी निघते. काळ्या पडलेल्या तारेला नवा लग लावून उपयोग नसतो, कारण काळा थर वीज नीट जाऊ देत नाही आणि त्यावर शिशाचा डागही धरत नाही.

त्यावरचा उपाय आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होताच: कल्हई. होडीसाठी मिळणाऱ्या चांगल्या वायरमध्ये प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा मुलामा असतो, त्यामुळे ती सोलल्यावर तांबूस न दिसता रुपेरी दिसते. ती साध्या वायरपेक्षा महाग पडते. साडूंनी त्यावर कुरकुर केली. मग मी त्यांना तीन पार्सलांचा खर्च सांगितला.

जाडीचा प्रश्न वेगळा आहे आणि तोही तितकाच महत्त्वाचा, कारण नवीकोरी पण बारीक वायरही हाच दोष निर्माण करते. होडीत बॅटरी मागे आणि सेट पुढे असा सात मीटरचा प्रवास असेल, तर वीज जाऊन येऊन १४ मीटर चालते, हे हिशेबात धरायला हवे. १४ मीटरमध्ये १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध साधारण ०.२७ ओहम भरतो आणि साडेपाच ॲम्पियरला दीड व्होल्ट खातो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर त्याच अंतरात ०.६ व्होल्ट खाते आणि ४ चौरस मिलिमीटरची ०.४ च्या आत राहते. महत्त्वाच्या उपकरणांसाठी वायरमधली घट ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ व्होल्ट, ठेवण्याचा संकेत आहे. त्या हिशेबाने सात मीटरला ४ चौरस मिलिमीटर योग्य. तीन मीटरच्या आत अडीचने भागते. घरातल्या पंख्याला लावतो ती वायर होडीत लावू नये, हे एवढ्यावरून पटावे.

आम्ही केलेली दुरुस्ती

जुनी वायर पूर्ण काढली. कल्हईच्या ४ चौरस मिलिमीटर वायरची स्वतंत्र जोडी बॅटरीपासून सेटपर्यंत नेली, मध्ये दिव्यांच्या किंवा पंपाच्या वायरला कुठेही फाटा दिला नाही. बंद झाकणाचा फ्यूज होल्डर धन वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवला. फ्यूज बॅटरीजवळ हवा, कारण मधल्या वायरला कुठे खरचटून शॉर्ट झाले तर आग लागू नये यासाठी तो आहे. फ्यूजची क्षमता सेटच्या पुस्तिकेत दिली तेवढीच ठेवली. आमच्या सेटला ती १० ॲम्पियर आहे. फ्यूजऐवजी तार गुंडाळण्याची आपल्याकडची सवय होडीत जिवावर बेतू शकते.

जोड डाखावेत की दाबून बसवावेत, यावर माझा आणि साडूंच्या मुलाचा वाद झाला. चाळीस वर्षे हातात सोल्डरिंग आयर्न धरलेल्या माणसाला डाग नको म्हणणे जड जाते. पण तो म्हणाला ते खरे होते: डागामुळे वायरच्या तारा एकजीव होऊन ताठ होतात आणि लाटांच्या हादऱ्यांनी डाग संपतो त्या कडेला मोडतात. म्हणून योग्य मापाच्या पक्कडीने दाबलेले लग आणि त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी, असेच जोड केले. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड नागपूरच्या कोरड्या हवेत दहा वर्षे टिकतो. तिकडे त्याला एक पावसाळा पुरतो.

नवी वायर घातल्यावर बल्बची परीक्षा पुन्हा घेतली. बॅटरीवर १२.३ आणि बल्बवर ११.९ व्होल्ट. त्यानंतर सेट लावला, इंजिन बंद ठेवले आणि तांडेलाने २५ वॅटवर बोलून पाहिले. पडदा मंदही झाला नाही. ही चाचणी १६ क्रमांकावर घेतली नाही, तर शेजारच्या होडीशी आधी ठरवून दुसऱ्या कामकाजाच्या चॅनेलवर, आपले नाव सांगून दोन वाक्यांत आटोपली. संकटाचे लाल बटण तर चाचणीसाठी कधीच दाबू नये. त्याचा संदेश पोच मिळेपर्यंत दर चार मिनिटांच्या आसपास आपोआप पुन्हा जात राहतो आणि तटरक्षक दलाला खरोखर शोध सुरू करावा लागतो.

बॅटरीबद्दल थोडेच सांगतो. काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ असेल तर अर्धी, १२ च्या खाली असेल तर जवळपास रिकामी समजावी. बल्ब लावल्यावर बॅटरीच्या स्वतःच्या टोकांवरचे व्होल्ट मिनिटभरात ११.५ च्या खाली घसरत असतील, तर वायर कितीही चांगली असली तरी आधी बॅटरी बदलावी.

बल्बची परीक्षा उत्तीर्ण, तरीही सेट विझतो

असे झाले तर ॲन्टेनाकडे वळावे. ॲन्टेना किंवा तिची केबल खराब असेल, तर सेटने पाठवलेली ताकद परत येते, काही वेळा केबलच्या बाहेरून सेटमध्येच घुसते आणि प्रोसेसरला गोंधळवते. यासाठीची परीक्षा एका मिनिटाची आहे: ॲन्टेनाची केबल काढून तिथे ५० ओहमचा डमी लोड लावावा आणि २५ वॅटवर बटण दाबावे. डमी लोडवर सेट नीट चालला आणि ॲन्टेनावर विझला, तर दोष केबल, कनेक्टर किंवा ॲन्टेना या तिघांत आहे. डमी लोडवरही विझला, तरच सेट खोलण्याची वेळ आली. काहीच न जोडता मात्र बटण दाबू नये. सगळी परत येणारी ताकद सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला सोसावी लागते.

ॲन्टेनाच्या बाजूला सर्वांत आधी कुजतो तो पीएल-२५९ कनेक्टर. हा कनेक्टर जलरोधक नसतो, ही गोष्ट तो इतका भक्कम दिसतो की कोणाला खरी वाटत नाही. त्यातून शिरलेले पाणी केबलच्या जाळीतून खाली उतरते आणि जाळी काळी पडते. कनेक्टर उघडून जाळी काळी दिसली, तर चकचकीत स्वच्छ जाळी लागेपर्यंत केबल कापत जावे. ती लागलीच नाही तर केबल बदलावी. नवा कनेक्टर लावल्यावर त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. एसडब्ल्यूआर मीटर (ॲन्टेनाकडून किती ताकद परत येते याचा अंदाज देणारा) मिळाला तर १.५ च्या आतला आकडा उत्तम, २ पर्यंत चालेल. ३ च्या वर गेला तर बरेच सेट स्वतःहून ताकद कमी करतात.

माझ्यासारखे लोक इथे एका गोष्टीने फसतात. ॲन्टेनाच्या टोकाला मल्टिमीटर लावला आणि मधली पिन व बाहेरचे आवरण यांत शून्य ओहम दिसला, म्हणजे शॉर्ट झाले असे आपण मानतो. पण अनेक समुद्री ॲन्टेनांच्या आत अशी गुंडाळी असते, की सरळ विजेला तो शॉर्टच दिसतो आणि १५६ मेगाहर्ट्‌झला मात्र ५० ओहम भासतो. त्या भरवशावर चांगली ॲन्टेना फेकून देऊ नये. ॲन्टेना वेगळी काढून फक्त केबल मोजावी.

केबलची जातही पाहावी. आरजी-५८ ही बारीक केबल दहा मीटरमध्ये साधारण २ डेसिबल खाते, म्हणजे २५ वॅटपैकी सोळाच ॲन्टेनापर्यंत पोहोचतात. जाड आरजी-२१३ त्याच अंतरात वीसच्या आसपास पोहोचवते. मात्र यामुळे सेट विझत नाही, फक्त पल्ला थोडा घटतो. पल्ल्याचे मुख्य गणित उंचीचे आहे: चार मीटर उंचीची ॲन्टेना सुमारे आठ किलोमीटरवरचे क्षितिज पाहते, तशाच दोन होड्या एकमेकींना सोळा किलोमीटरपर्यंत ऐकू शकतात आणि किनाऱ्यावर शंभर मीटर उंचीवर ॲन्टेना असेल, तर अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास जाते.

या गणिताचा एक तातडीचा उपयोग आहे. समुद्रात असताना सेट विझू लागला आणि वायर बदलण्याची सोय नसेल, तर ताकद १ वॅटवर आणावी आणि १६ क्रमांकावर बोलावे. १ वॅटचा आवाज क्षीण जातो, पण सरळ नजरेच्या टप्प्यातल्या जहाजापर्यंत तो पोहोचू शकतो. विझलेला २५ वॅटचा सेट कोणापर्यंतच पोहोचत नाही. त्याच वेळी दिवे आणि शक्य असल्यास इतर ओझे बंद करावे. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहेच. साडूंनी आता हातात धरायचा ५ वॅटचा सेटही घेतला आहे. त्याची स्वतःची बॅटरी असल्यामुळे होडीच्या वायरिंगशी त्याचा काही संबंध राहत नाही.

शेवटी, आमच्यासारख्या किनाऱ्यापासून दूरच्या दुरुस्तीवाल्याकडे सेट पाठवणाऱ्यांसाठी. सेटची पॉवर वायर प्लगपाशी सोडवून नुसता डबा पाठवू नये. फ्यूज होल्डरसह पूर्ण वायर सोबत द्यावी आणि एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: १ वॅटवर काय होते, इंजिन बंद असताना काय होते, पडदा काळा पडतो की उजळलेला राहतो, आणि बल्ब पेटलेला असताना बॅटरीवर व सेटच्या टोकाला किती व्होल्ट आले. होडीचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे डिजिटल संदेशातून जाणारी तिची ओळख, सेटमध्ये भरलेला असेल तर तेही कळवावे, कारण बऱ्याच सेटमध्ये तो एकदा पुसला गेला की वापरणाऱ्याला पुन्हा भरता येत नाही, आणि माझ्यासारखा माणूस सेट मूळ स्थितीवर आणण्याच्या नादात नको ते बटण दाबू शकतो.